दोन्हीकडची माणसं

भरतला आणलं तेव्हा त्याच्या पायांना शेतातला चिखल तसाच होता. पोलादपूरच्या वर घाटाच्या अंगाला करंजवाडी आहे, तिथून त्याला माणसांनी डोलीत घालून रस्त्यापर्यंत उतरवलं, मग जीप, मग पोलादपुरातून अ‍ॅम्ब्युलन्स. ताप अंगावर काढत तो भाताची लावणी करत राहिला होता आणि त्या दुपारी बांधावरच कोसळला. महाडच्या ट्रस्टच्या इस्पितळात पोचला तोवर डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते आणि मनगटाला नाडी लागत नव्हती.

डॉ. यशराजांनी पापणी ओढून पाहिली, पोटऱ्या दाबून पाहिल्या. "लेप्टो दिसतोय. बीपी पार खाली आहे. आत घ्या," ते म्हणाले, आणि मागे न वळताच त्यांनी हाक मारली, "अम्बरीन!"

अम्बरीन त्या इस्पितळात संशोधनाचं काम बघायची. नर्सिंग शिकलेली, काही वर्षं आयसीयूत काढलेली, महाडातच लहानाची मोठी झालेली. वडील ट्रक चालवायचे, भाऊ साकिब आखातात होता, घरी आई साजिदा आणि ती. देशातल्या बऱ्याच इस्पितळांत मिळून एक अभ्यास चालला होता, त्यात महाडही होतं. जंतुसंसर्गानं ज्याचा रक्तदाब कोसळलाय अशा माणसाला वाचवायच्या दोन रीती डॉक्टर वापरत आलेत. एक, आधी भरपूर सलाईन द्यायचं आणि नसा आवळणारं औषध मागाहून. दुसरी, सलाईन बेतानं आणि ते औषध लगेच. दोन्हीनं माणसं वाचत होती, दोन्हीनं जातही होती. यातली चांगली कोणती, ते शोधायचं होतं. कुणाला कोणती रीत हे डॉक्टर ठरवत नव्हते. संगणक चिठ्ठी काढल्यासारखं ठरवायचा. त्याआधी घरच्या माणसाला सगळं समजावून त्याची संमती घ्यायची, हे अम्बरीनचं काम.

तिला या कामातलं सगळ्यात अवघड काय वाटायचं, तर वेळ. ज्याचं माणूस आत मरणाशी झगडतंय, त्याला बाहेरच्या बाकावर बसवून चिठ्ठीची गोष्ट सांगायची आणि तीही घाईनं.

बाकावर रूपाली बसली होती, भरतची बायको. लुगड्याचा काष्टा घालून लावणीला उतरलेली ती तशीच आली होती. मांडीवर चार-पाच वर्षांची मुलगी झोपली होती. ही माणसं एरवी मुंबईला राहत, भरत तिकडे एका गोदामात कामाला होता. लावणीपुरता दरवर्षी गावी यायचा.

अम्बरीन तिच्यापुढे उकिडवी बसली आणि तिनं दोन्ही रीती सांगितल्या. जमेल तितक्या सोप्या करून सांगितल्या.

रूपालीनं ऐकून घेतलं. "म्हंजे तुमाला पन माहीत नाय, कंची चांगली?"

"नाही, ताई. कुणालाच नाही. म्हणूनच हा अभ्यास."

"आनि मी नाय म्हटलं तर?"

"तरी उपचार होणारच. डॉक्टरांना जी रीत योग्य वाटेल ती ते करतील. काही कमी पडणार नाही."

रूपालीनं दाराकडे पाहिलं. "सासूबाई मागच्या गाडीत हायत. त्या आल्या का इचारते नि सांगते."

"तेवढा वेळ नाही," अम्बरीन म्हणाली, आणि ते खरंच होतं.

रूपालीनं मुलीचं डोकं मांडीवरून हलकेच बाकावर टेकवलं. मग कागद गुडघ्यावर ठेवून सही केली. सही करताना तिनं विचारलं, "ह्यानं बाकीच्या लोकांचं काय भलं हुईल?"

"होईल," अम्बरीन म्हणाली. "पुढच्या लोकांचं."

"बरं," रूपाली म्हणाली.

चिठ्ठीत भरतला दुसरी रीत आली. सलाईन बेतानं, औषध लगेच. रात्रीपर्यंत रक्तदाब थोडा वर आला आणि सगळ्यांनाच बरं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी फुप्फुसात रक्त उतरलं, लघवी थांबली, व्हेंटिलेटर लावावा लागला. डॉ. यशराज त्याच्या उशापासून फारसे हललेच नाहीत. त्यानंतर एका सकाळी, इस्पितळात झाडलोट चालू असताना, भरत गेला.

त्याचा थोरला भाऊ सुनील मुंबईहून आला होता. सामान आवरताना रूपालीच्या पिशवीत त्याला संमतीपत्राची प्रत दिसली. तो व्हरांड्यातच उभा राहून वाचायला लागला. संशोधन, सहभाग, संभाव्य धोके. वाचता वाचता त्याचा चेहरा बदलला.

"म्हणजे प्रयोग केला काय त्याच्यावर? रूपालीच्या सहीनं?" तो म्हणाला.

मोठ्यानं म्हणाला नव्हता तो. पण भिंतीला टेकून त्याची आई बसली होती, चंद्रभागा, तिनं नेमकं तेवढंच ऐकलं. उन्हापावसानं रापलेली, सडसडीत बाई. तिनं मान वळवून सुनेकडे पाहिलं.

"तू सही दिलीस?"

रूपालीनं सुनीलच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"मी यायची व्हती. मागंच व्हती मी. माज्या पोराची सही तू दिलीस?"

डॉ. यशराज येऊन त्यांच्यासमोर खाली बसले. दोन्ही उपचार रोजचेच आहेत, नवीन काही दिलेलं नाही, आजार फार पुढं गेला होता, असं त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. सुनीलनं मान हलवली, पण त्याचं लक्ष नव्हतं. चंद्रभागेनं तर त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती रडली नाही. तिथं नाही, आणि गाडीत भरतला चढवतानाही नाही. अम्बरीन दारात उभी होती. ती गाडी पोलादपूरच्या रस्त्याला लागेपर्यंत पाहत राहिली आणि मग आत आली, कारण आत दुसरा रुग्ण आला होता.

अभ्यास पुढं चालत राहिला. त्या पावसाळ्यात आणि पुढच्या पावसाळ्यातही अम्बरीन बाकांवरच्या माणसांपुढे बसत राहिली. काही जण हो म्हणत, काही नाही म्हणत. घाटाकडची माणसं मात्र नाही म्हणू लागली होती. एकानं स्पष्टच सांगितलं, "आमच्याकडं एका बाईनं सही दिली नि नवरा गेला. आमी सही देनार नाय." अम्बरीननं त्याला आग्रह केला नाही. आग्रह करायचाच नसतो. पण घरी जाताना तिच्या डोळ्यांपुढे मांडीवर झोपलेली ती मुलगी आली.

रूपाली तिला पुन्हा भेटली ती बिरवाडीत. अभ्यासातून बरे होऊन गेलेल्या माणसांची काही महिन्यांनी विचारपूस करावी लागे. फोन लागला नाही तर घरी जावं लागे. एमआयडीसीतला एक कामगार बिरवाडीला चाळीत खोली घेऊन राहत होता, त्याच्याकडे ती गेली होती. त्याचं सगळं ठीक होतं, कामावरही जाऊ लागला होता. निघताना शेजारच्या खोलीच्या उंबऱ्यात एक बाई तांदूळ निवडत बसलेली दिसली. दोघींनी एकमेकींना ओळखलं.

अम्बरीनला वाटलं, ही तोंड फिरवील. पण रूपाली सरकून बसली. "या," म्हणाली. "च्या ठेवते."

खोली लहान होती, पण नीट ठेवलेली. मुलगी शाळेत गेली होती. तिचं नाव आवडी, चंद्रभागेनं आपल्या आईवरून ठेवलेलं. रूपाली एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायला जायची. मुंबईची खोली भरत गेल्यावर सोडावी लागली होती.

"गावी नाही राहिलात?" अम्बरीननं विचारलं.

रूपालीनं चहा गाळला. "राह्यले व्हते वर्षश्राद्धापर्यंत. सासूबाई माज्याशी बोलत नव्हत्या. भांडल्या असत्या तर बरं व्हतं. त्या बोलायच्याच नाय. मी हंडा भरून आनला का त्या उठून दुसरा हंडा घ्यायच्या नि आपलं पानी आपन आनायच्या. एवढ्या वयात, त्या चढावरून. वाडीत मग सगळ्यांना समजलं ना." कपबशी तिनं अम्बरीनपुढे सरकवली. "मग मीच निघाले. आवडीला तेवढी मधनं मधनं न्हेऊन सोडते रस्त्यापर्यंत. चुलत दीर येऊन घेऊन जातात."

चहा गरम होता, तो अम्बरीननं तसाच घोट घोट घेतला.

"एक इचारू?" रूपाली म्हणाली. "ह्यांना कंची रीत आली व्हती?"

"दुसरी. सलाईन बेतानं नि औषध लगेच."

"ती बरोबर व्हती?"

"अजून कळलेलं नाही. सगळीकडचे रुग्ण पूर्ण झाले की हिशेब होतो."

"कळलं का मला सांगाल?"

नातेवाइकांना निकाल सांगायची काही पद्धत नव्हती. निकाल डॉक्टरांच्या सभेत सांगतात, मग मासिकात छापतात. पण अम्बरीन म्हणाली, "सांगेन. मी स्वतः येऊन सांगेन."

त्यानंतर रूपालीनं भरतबद्दल काही विचारलं नाही. आवडीला शाळेत बाई काय शिकवतात ते सांगत बसली, आणि अम्बरीन निघाली तेव्हा कागदात बांधून चार चकल्या दिल्या.

निकाल आला तेव्हा थंडीचे दिवस होते. इस्पितळाच्या सभागृहात पडद्यावर सगळ्या शहरांतले डॉक्टर चौकोनाचौकोनांत दिसत होते. मुख्य डॉक्टर बोलत होते. दोन रेघा पडद्यावर आल्या, एक निळी आणि एक तांबडी. किती माणसं जगली ते दाखवणाऱ्या. डावीकडून निघून दोन्ही उतरत उतरत गेल्या, एकमेकींना चिकटून, कुठं कुठं तर एकीवर एक.

फरक नव्हता. दोन्ही रीती सारख्याच. दोन्हीकडे तितकीच माणसं वाचली होती आणि तितकीच गेली होती.

"चांगलं काम झालं," डॉ. यशराज संगणक बंद करत म्हणाले. "आता निदान वाद तरी मिटेल. ज्याला जे सोयीचं, त्यानं ते करावं." मग अम्बरीनकडे लक्ष जाऊन ते थांबले. "काय झालं?"

"त्या उतरत्या रेघेत आपला भरत कुठं असेल, ते बघत होते," ती म्हणाली.

डॉक्टर खुर्चीत परत बसले. त्यांना नाव आठवायला वेळ लागला नाही.

"सर, मी त्याच्या बायकोला निकाल सांगायचं कबूल केलंय. आणि तिच्या सासूलाही सांगावं म्हणते."

"काय सांगणार?"

"जे आहे ते. फरक नाही म्हणून."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "जा," ते म्हणाले. "पण जपून. आपल्याला वाटतं, खरं सांगितलं की माणसाचं ओझं उतरतं. तसं होईलच असं नाही."

घरी साजिदानं विचारलं, "करंजवाडीला कशाला?" अम्बरीननं सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे पुरसा द्यायला, सांत्वनाला चाललीस. मग रिकाम्या हातानं जाऊ नको." आणि तिनं खजुराचा डबा पिशवीत ठेवला.

रविवारी सकाळी अम्बरीन आधी बिरवाडीला गेली. रूपालीला खोलीत बसवून तिनं सांगितलं. अम्बरीन थांबल्यावर रूपाली बराच वेळ हातातल्या बांगड्या मागेपुढे करत राहिली.

"म्हंजे मी नाय म्हटलं असतं, तरी ते गेलेच असते?"

"एकट्या भरतचं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण तुमच्या सहीनं ते गेले नाहीत, एवढं नक्की सांगू शकते."

"मग मला कशाला इचारलंत?" रूपाली म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरोखरच विचारत होती. "दोन्ही सारखंच व्हतं तर एवढं मोठं माज्या डोक्यावर का ठेवलंत?"

"तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं, ताई. आणि तुम्हाला न विचारता करणं बरोबर नव्हतं."

रूपालीनं मान हलवली. पटल्यासारखी नाही, ऐकल्यासारखी. मग उठून तिनं आवडीची वेणी घालायला घेतली. वेणी घालता घालता तिचे हात थांबले आणि तिनं मुलीच्या डोक्यावर कपाळ टेकलं. आवडीनं थोडा वेळ तसंच राहू दिलं, मग म्हणाली, "आये, केस ओढतायत."

"चला," रूपाली म्हणाली. "आईंना पन तुमीच सांगा. माज्या तोंडून त्या ऐकनार नाय."

महाडहून एसटीनं पोलादपूर, तिथून मिनीडोअर रिक्षानं घाटाच्या पायथ्यापर्यंत, आणि पुढं चढण. आवडी पुढं पळत होती. रूपाली मधेच थांबून दम घ्यायची. पण दमापेक्षा तिला तिथं पोचायचीच भीती वाटत असावी. वाडीत फारशी माणसं नव्हती. बरीच घरं कुलपात होती, मुंबईला गेलेली.

चंद्रभागा घरात नव्हती. ती खालच्या भातखाचरात होती. पुढच्या भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात, तिकडे त्याला राब म्हणतात. त्यासाठी झाडांच्या फांद्या तोडून, वाळवून, शेणाबरोबर जमिनीवर पसरायच्या असतात. ती एकटीच डोक्यावरून फांद्यांचे भारे आणून टाकत होती. आवडीला पाहून तिनं भारा टाकला आणि हात पसरले. मुलीच्या मागून येणाऱ्या दोघींना पाहिल्यावर हात तिनं खाली घेतले.

"ही महाडच्या दवाखान्यातली बाय ना?"

"हो, आजी," अम्बरीन म्हणाली. "भरतच्या औषधांचा निकाल लागलाय. तो सांगायला आलेय."

चंद्रभागा बांधावर बसली. तिनं दोघींना बसा म्हटलं नाही, पण त्या बसल्या. आवडी शेजारच्या घराकडे गेली.

अम्बरीननं सांगायला सुरुवात केली. रेघा, आकडे, देशभरातली इस्पितळं यातलं तिनं काही काढलं नाही. दोन रीती होत्या, तुमच्या भरतला एक आली, तितक्याच दुसऱ्या माणसांना दुसरी आली, आणि शेवटी पाहिलं तर दोन्हीकडे सारखंच झालं. प्रयोगानं त्याचं वाईट झालं नाही. रूपालीनं सही दिली नसती तरी डॉक्टरांनी या दोनांतलंच एक केलं असतं.

चंद्रभागा मातीतली एक काटकी उचलून मोडत होती. "दुसऱ्या औषदानं कुनी मेलं नसंल."

"मेले, आजी. तेवढेच मेले."

"तेवडेच?"

"हो."

"पोरंच व्हती? जवान?"

"काही होती. भरतच्या वयाची होती."

म्हातारीनं काटकीचे तुकडे बाजूला ठेवले. "तेंच्या आयांना सांगायला कोन गेलं?"

अम्बरीनला खोटं बोलावंसं वाटलं नाही. "माहीत नाही," ती म्हणाली. "बहुतेक कुणी गेलं नसेल."

खालच्या रस्त्यानं एक ट्रक घाट चढत होता, त्याची घरघर वरपर्यंत येत होती. ती ऐकू येईनाशी झाल्यावर म्हातारी बोलली. अम्बरीनशी किंवा सुनेशी नव्हे, समोरच्या खाचराशी बोलल्यासारखी.

"मी फोन केला व्हता त्याला. तो म्हनला, आये, ह्या वर्षी रजा नाय मिळत. मी म्हनलं, खाचर पडीक टाकू काय? तुज्या बापानं एक वरीस पडीक टाकलं नाय. मग तो आला." तिनं हातानं खाचर दाखवलं. "ह्याच पान्यात. डाक्टर म्हनला ना, पान्यातनं येतो तो रोग. उंदरांच्या मुतानं येतो म्हनला. ह्याच पान्यात मीच त्याला उतरवला."

मग ती रडायला लागली. दीड-दोन वर्षं जे आलं नव्हतं, ते आलं. अंगच सगळं हलत होतं, आणि आवाज असा, की शेजारच्या घरातून दोन बायका बाहेर आल्या आणि तिथंच थांबल्या. अम्बरीनला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. या बाईला सुनेवरच्या रागानं उभं ठेवलं होतं, हे तिला आत्ता कळलं. तो राग तिनं काढून घेतला होता आणि त्याच्या जागी द्यायला तिच्याकडे काही नव्हतं. सहीनं माणूस गेला नाही, हे ती हजारो रुग्णांच्या जोरावर सांगू शकली. आईच्या फोननं गेला नाही, हे सांगणारा अभ्यास जगात कुठं झालेला नव्हता.

रूपाली उठली. ती जाऊन सासूच्या शेजारी, जरासं अंतर राखून, बसली.

"आई," ती म्हणाली, "ते येनारच व्हते."

म्हातारीनं ऐकलं की नाही, कळलं नाही.

"तुमचा फोन यायच्या आधीच त्यांनी पिशवी भरली व्हती. रजा नाय म्हनून तुमाला उगं सांगत व्हते, चिडवायला. दर वर्षी तसंच करायचे. लावनीला न्हाय आलो तर वर्षभर आंग जड राहतं, म्हनायचे. तुमी नको म्हनला असता तरी आले असते."

अम्बरीननं रूपालीकडे पाहिलं. हे खरं होतं की आत्ताच रचलेलं, तिला ओळखता आलं नाही, आणि तिनं पुढं कधी विचारलंही नाही.

"खरं सांगतीस?" चंद्रभागेनं विचारलं.

"खरंच. आवडीची शप्पथ."

"पोरीची शप्पथ नको घेऊस गो," म्हातारी म्हणाली, आणि डोळे पुसायला पदर शोधू लागली. पदराला काटक्या अडकल्या होत्या, त्या रूपालीनं एकेक करून काढल्या.

खजुराचा डबा चंद्रभागेनं घेतला. त्यातला एक तिनं आवडीच्या हातावर ठेवला, एक स्वतः खाल्ला आणि बाकीचे शेजारच्या बायकांत वाटले. जेवायला थांब म्हणाली. अम्बरीन थांबली. नाचणीची भाकरी आणि वालाची आमटी होती. पाणी रूपालीनं वाढलं आणि म्हातारीनं तांब्या उचलून ते प्यायलं.

परतीला अम्बरीन एकटीच उतरली. रूपाली राबाचं काम उरकेपर्यंत थांबणार होती, कँटीनला निरोप धाडला होता.

एवढ्यानं सगळं मिटलं असं झालं नाही. रूपाली पुन्हा बिरवाडीला आली, कारण पोट तिथंच होतं. म्हातारी काही खाली राहायला यायला तयार झाली नाही. रविवारी रूपाली आणि आवडी वर जात. भाजलेल्या राबात चंद्रभागेनं त्या वर्षी रोपं केलीच नाहीत. पावसाळा आला, सगळ्या वाडीची लावणी झाली, आणि ते एक खाचर तसंच पाण्यानं भरून राहिलं. सुनील म्हणाला, मजूर लावून करू. ती म्हणाली, "कुनाचा तरी पोरगाच असंल ना तो." पुढं तिची नजर अधू झाली, बोलणंही कमी झालं. भरतचं नाव निघालं की म्हणायची, "त्यानं पिशवी भरून ठेवली व्हती," आणि रूपाली म्हणायची, "व्हय, भरली व्हती." हे रूपालीनंच अम्बरीनला सांगितलं, एकदा बाजारात भेटल्यावर.

अम्बरीननं अभ्यासाच्या मुख्य केंद्राला लिहिलं, की ज्यांची माणसं गेली त्यांनाही निकाल कळवावा. सूचना चांगली आहे, पुढच्या वेळी विचार करू, असं उत्तर आलं. महाडपुरत्या ज्यांचे पत्ते होते त्यांच्याकडे ती सुट्टीच्या दिवशी जाऊन आली. काहींनी बसवून घेतलं. एका घरी तिला दारातूनच परत पाठवलं.

पुढच्या पावसाळ्यात नवा अभ्यास सुरू झाला होता. सव गावाकडून एका बाईला आणलं, श्वास लागलेला, ओठ निळे पडलेले. बाहेर तिचा नवरा उभा होता, भागोजी नावाचा, वयस्क माणूस, खांद्यावर टॉवेल. अम्बरीननं त्याला बाकावर बसवलं आणि सगळं समजावलं. शेवटी तिनं कागदावर नसलेलं एक वाक्य जोडलं.

"निकाल लागायला वेळ लागेल, बाबा. पण लागला की मी घरी येऊन सांगेन. काहीही झालं असलं तरी येईन."

भागोजीनं सही केली. पेन परत देताना तो थोडा थांबला.

"ती घरी आली तर ये," तो म्हणाला. "नायतर नको येऊस, पोरी. मला कळून काय करायचं हाय?"

अम्बरीननं मान डोलावली. कागद घेऊन ती उठली आणि आत गेली, जिथं डॉक्टर तिची वाट पाहत होते.